गोळ्यांचा डबा

दिवाळीच्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरातील फळीवर डब्यांची रांग लागते. पहिला चकल्यांचा, दुसरा शेवेचा, तिसरा चिवड्याचा, मग लाडू, मग शंकरपाळे. आणि सर्वांत शेवटी, भिंतीला टेकून, एक चपटा पत्र्याचा डबा असे. त्यावर पूर्वी बिस्किटांचे चित्र होते, ते केव्हाच पुसले गेले. या डब्यात फराळ नसे. पहिल्या पाच डब्यांचे जे परिणाम होत, त्यांचा बंदोबस्त त्यात असे. भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत घरात कोणाचे तरी पोट बिघडायचेच, आणि आतून आईची हाक यायची, "अरे, तो गोळ्यांचा डबा काढ बरं!"

डबा काढण्याचा मान माझा. त्यात मागच्या दुखण्यांतून उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या असत. घसा धरला तेव्हाच्या चार, दाढ काढली तेव्हाच्या तीन, मुलाच्या तापातल्या दोन. जुलाबावरची एक गोळी तर मला तोंडपाठ होती. तिच्यात औषधे दोन, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल; ही नावे मी समासाच्या विग्रहाइतक्या सफाईने उच्चारीत असे. एक रात्री, एक सकाळी. पोट थांबले की औषध थांबले. उरलेल्या गोळ्या पुन्हा डब्यात. मी एम. ए. मराठी घेऊन केले असले तरी आमच्या सावेडीतल्या चार बिऱ्हाडांत निम्मा वैद्य म्हणून माझी ख्याती होती.

यंदा तो डबा फळीवर आहे, पण त्यात गोळ्या नाहीत. त्या का नाहीत, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख. या सदरात मी एरवी शब्दांच्या आणि पुस्तकांच्या गोष्टी सांगतो. मराठीचा मास्तर एकाएकी जंतूंच्या मागे का लागला, असे वाचक म्हणतील. खरे सांगायचे तर मी त्यांच्या मागे लागलो नाही. ते आमच्या घरात, किंबहुना आमच्या पोटात, आधीपासूनच होते. ओळख तेवढी यंदाच्या श्रावणात झाली.

झाले असे. आईला एके संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. वय चौऱ्याहत्तर. मी सवयीप्रमाणे डबा काढला, दोन दिवस दोन गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आई मला माझ्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारू लागली, तेव्हा माझे हातपाय गळाले. तिला रुग्णालयात नेले. मूत्रमार्गाला जंतूंचा संसर्ग झाला होता आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. लघवीचा नमुना तपासणीला गेला. अशा तपासणीत जंतू काचेच्या बशीत वाढवतात आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते पाहतात. याला दोनतीन दिवस लागतात. ते दिवस कसे काढले ते आम्हांलाच ठाऊक.

तपासणीचा कागद आला. त्यावर सतरा औषधांची यादी होती, आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. 'एस' म्हणजे या औषधाने जंतू मरतात. 'आर' म्हणजे मरत नाहीत. उत्तरपत्रिका तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, पण इतका वाईट निकाल मी पाहिला नव्हता. सतरांपैकी बारांपुढे 'आर'. ज्याला मी घरगुती समजत होतो ते ऑफ्लॉक्सासिन नापास. पेनिसिलिनच्या घराण्यातले अँपिसिलिन नापास. मोठी समजली जाणारी इंजेक्शनेसुद्धा नापास. उरलेल्या पाचांतली काही या दुखण्याला लागू पडणारी नव्हती. राहता राहिले मेरोपेनेम नावाचे एक इंजेक्शन, दिवसातून तीनदा शिरेतून द्यायचे.

तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "सर, आजींना गेल्या सहा महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

माझी पत्नी हळूच म्हणाली, "अहो, डबा!"

त्या क्षणी मला जी लाज वाटली ती येथे लिहून दाखवणे कठीण आहे. मी सगळे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण. मी विचारले, "हे असले जंतू आले तरी कुठून?"

"बाहेरून नाही आले, सर. आजींच्याच आतड्यातले आहेत. तिथं ते गुण्यागोविंदानं राहतात. वाट चुकून मूत्रमार्गात गेले की त्रास देतात. तुमच्या गोळ्यांनीच ते असे निबर झाले, असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध करता येत नाही. पण गोळ्यांनी त्यांचं काम सोपं केलं असेल."

खाटेवर आई पडून होती. ती सहा वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी ती वाचली, ही आमच्या घरातली नेहमीची गोष्ट. पुण्याजवळ पिंपरीला सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आईच्या पिढीला ते अमृतच वाटले असणार. त्या अमृताच्या वंशातले औषध आज तिच्याच कागदावर नापास झाले होते.

इंजेक्शने सुरू झाली. मी दिवसा महाविद्यालयात आणि रात्री रुग्णालयात, अशी पाळी लागली. आमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. शिक्षककक्षात त्यांच्या आणि माझ्या खुर्चीमध्ये एकच कपाट, पण इतक्या वर्षांत आमचे बोलणे परीक्षांच्या वेळापत्रकापलीकडे गेले नव्हते. आता मी रोज मधल्या सुटीत त्यांच्यापुढे विद्यार्थ्यासारखा बसू लागलो. त्यांनी मला जे शिकवले ते मी माझ्या भाषेत सांगतो. चूक झाली तर ती माझी.

आपल्या आतड्यात जिवाणूंची फार मोठी वस्ती असते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबाप्रमाणे सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. ते अन्नाचे पचन करायला मदत करतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात, परक्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत. त्यांतच 'ई. कोलाय' नावाचा एक जिवाणू आहे. थिओडोर एशेरिश या वैद्याने तो १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात पाहिला. आईच्या कागदावर नाव होते ते याच महाशयांचे.

या जिवाणूच्या शरीराचा सारा मजकूर त्याच्या आत एका लांब धाग्यावर लिहिलेला असतो. अक्षरे सुमारे ४६ लाख. या मजकुरातला एकेक परिच्छेद म्हणजे एकेक जनुक. जिवाणू दुभंगून एकाचे दोन होतात तेव्हा या साऱ्या मजकुराची नक्कल केली जाते. परिस्थिती उत्तम असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात.

आता नक्कल म्हटली की चुका आल्याच, हे आम्हां मराठीच्या मंडळींना कोणी सांगायला नको. आमच्या जिल्ह्यातल्याच नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षे तिच्या नकला होत राहिल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि अखेर शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. जिवाणूंच्या पोथीतही असेच पाठभेद शिरतात. बहुतेक निरर्थक असतात, काही घातक असतात. पण एखादा असा निघतो की त्याने औषधच हतबल होते. माझ्या त्या ऑफ्लॉक्सासिनचे उदाहरण घ्या. जिवाणूचा धागा उलगडण्या-पिळण्याचे काम करणारे 'जायरेज' नावाचे एक प्रथिन असते. औषध त्याला पकडते, आणि काम थांबून जिवाणू मरतो. जायरेजच्या जनुकातले एक अक्षर बदलले की औषधाने जेथे पकडायचे ती जागाच बदलते. हात घसरतो, आणि जिवाणू जगतो.

मी विचारले, "म्हणजे औषध पाहून जंतू शहाणा होतो?"

बाई म्हणाल्या, "तिथंच सगळे चुकतात, सर." आणि त्यांनी मखमलीची गोष्ट सांगितली. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या बशीवर जिवाणूंच्या ठिपक्याठिपक्यांच्या वसाहती वाढवल्या. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणून ती त्या बशीवर हलकेच टेकवली आणि तिचा ठसा दुसऱ्या बशांवर उठवला. या बशांत औषध होते. बहुतेक ठिपके मेले, एखाददुसरा जगला. आणि सर्व बशांत तो जगला तो एकाच जागी. मग मूळ बशीतल्या, औषधाचे तोंडही न पाहिलेल्या, त्याच जागच्या वसाहतीकडे वळून पाहिले, तर निबर जिवाणू तेथे आधीपासूनच होते. औषध कोणाला शिकवीत नाही. ते निवड करते. हजारो साधे जिवाणू मारून ते त्या एका निबराला मोकळे रान देते. मी दर दिवाळीला दोन गोळ्या देऊन ही निवडणूक घडवून आणीत होतो, आणि तीही घरातल्या सगळ्यांच्या पोटात.

येथवरची गोष्ट वारशाची झाली. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला. एवढेच असते तर जग इतके चिंतेत पडले नसते. खरी गंमत पुढेच आहे, आणि ती समजली ती मला आईच्या भाजणीच्या चिठ्ठीमुळे.

आम्ही पूर्वी नालेगावात एका वाड्यात राहत होतो. दिवाळीच्या आधी आईकडे चकलीच्या भाजणीची चिठ्ठी मागायला शेजारणी येत. आई मूळ चिठ्ठी कधी देत नसे. तिची नक्कल उतरवून देई. म्हणजे आईची चिठ्ठी आईपाशीच राही आणि शेजारणीच्या घरीही आमच्यासारखी चकली होई. पुढे तिच्या जावेकडे, तिच्या माहेरी, असे करीत ती चिठ्ठी कोठवर गेली असेल कोण जाणे. यात रक्ताचे नाते लागत नव्हते, जात लागत नव्हती. शेजार लागत होता.

जिवाणूंकडे अशाच चिठ्ठ्या असतात. मुख्य पोथीखेरीज त्यांच्यापाशी छोट्या वर्तुळाकार धाग्यांवर थोडा सुटा मजकूर असतो. त्याला 'प्लाझ्मिड' म्हणतात. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनीच १९५२ साली दिले. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो, दोघांमध्ये नळीसारखा दुवा जुळतो आणि चिठ्ठीची नक्कल पलीकडे जाते. मूळ प्रत देणाऱ्यापाशीच राहते. जिवाणू अशी देवघेव करतात हे लेडरबर्ग आणि टाटम यांनी १९४६ सालीच दाखवले होते. घेणारा त्याच जातीचा असावा असेही नाही. पोटातला निरुपद्रवी ई. कोलाय रक्ती हगवणीच्या जंतूला चिठ्ठी देतो, तो तिसऱ्याला देतो. आपले आतडे म्हणजे ऊबदार, दाटीवाटीचा वाडाच. तेथे शेजाराला काय तोटा!

आणि एका चिठ्ठीवर एकच कृती असते असे थोडेच आहे? आईच्या चिठ्ठीच्या मागल्या बाजूला अनारसे होते आणि समासात चिवडा. प्लाझ्मिडवरही पाचसहा औषधांना पुरून उरणाऱ्या कृती एकाखाली एक लिहिलेल्या असतात. एक औषध फोडून टाकणाऱ्या कात्रीची, दुसरे औषध आत आले की बाहेर उपसून टाकणाऱ्या पंपाची. काही जनुके तर एका चिठ्ठीवरून उडी मारून दुसरीवर बसतात. याचा परिणाम असा, की तुम्ही एक औषध वापरून निबराची निवड केली, तर न वापरलेल्या चार औषधांचा बंदोबस्तही त्याच्याबरोबर फुकट निवडला जातो.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली जपानात. युद्धानंतर तेथे रक्ती हगवणीचा फार सुळसुळाट होता. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी बाईच्या पोटात असा जंतू सापडला, की जो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना दाद देईना. चार पाठभेद एकाच वेळी एकाच पोथीत शिरणे जवळजवळ अशक्य. शिवाय अशा रोग्यांच्या पोटातला साधा ई. कोलायही त्याच चार औषधांना निबर निघे. अखेर १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दोन्ही जिवाणू एकत्र वाढवून दाखवले, की चौघांचा बंदोबस्त एकाच फेरीत एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

या कृती जंतूंनी शोधल्या तरी केव्हा? आमच्या आधी फार. मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू एकमेकांशी लढताना अशी औषधे स्वतःच तयार करतात, आणि त्यांवरचे तोडगेही. २०११ साली कॅनडातल्या तीस हजार वर्षे गोठलेल्या मातीत असे तोडगे सांगणारी जनुके सापडली. एवढे कशाला, पेनिसिलिन पहिल्या रोग्याला टोचण्यापूर्वी, १९४० सालीच, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांना ते फोडून टाकणारा पदार्थ मिळाला होता. आणि मिळाला तो आमच्या ई. कोलायमध्येच. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा धरतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडेसे घेतो. जंतू मरत नाहीत, निबर होतात. ते त्याच्या बायकोला लागतात, आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही, ती दगावते. मी ही गोष्ट रुग्णालयाच्या बाकावर बसून वाचली. त्या गृहस्थाला फ्लेमिंगसाहेबांनी नाव दिलेले नाही. मला ते ठाऊक आहे असे त्या रात्री वाटले.

या चिठ्ठ्या आता किती लांब जातात ते पाहा. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रोग्याच्या लघवीत २००८ सालच्या जानेवारीत एक जिवाणू सापडला. आईला जे मेरोपेनेम दिले त्याच वर्गातली औषधे फोडून टाकणारे जनुक त्याच्यापाशी होते. त्याच रोग्याच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघाले. म्हणजे चिठ्ठी आतड्यातच हातोहात गेली होती. तिला 'एनडीएम-१' असे दिल्लीचे नाव पडले, म्हणून आपल्याकडे पुष्कळ रागरुसवे झाले. पण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली सांगितले, की आपल्याकडे तीन महिन्यांत या वर्गातल्या औषधांना दाद न देणारे चोवीस जिवाणू मिळाले आणि त्यांतल्या बावीसांपाशी हीच चिठ्ठी होती. २०११ साली दिल्लीतल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत हे जनुक सापडले. ज्याने आयुष्यात गोळी घेतली नाही त्याच्याही पोटात ही चिठ्ठी पाण्याच्या पेल्यातून जाऊ शकते.

मग मी आमच्या जिल्ह्याकडे पाहू लागलो. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलताना अजून नगर. आमचा जिल्हा दुधाचा. गाईची कास सुजली की तिला प्रतिजैविक द्यावे लागते, आणि त्यानंतर ठरलेले दिवस ते दूध डेअरीत घालू नये असा नियम आहे. तो मोडण्याचा मोह का होतो हे कर्ज काढून गाय घेतलेल्या माणसाला विचारावे. राहाता-संगमनेरकडे डाळिंबाच्या बागा. फळांवर 'तेल्या' नावाचा जिवाणूंचा रोग पडला की डोळ्यांदेखत बाग जाते. म्हणून वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची भुकटी पाण्यात कालवून फवारली गेली. माणसांची औषधे पिकांवर वापरण्यास बंदी घालण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात काढला. कोंबड्यांच्या खाद्यातून कॉलिस्टिन देत. ते माणसांसाठीचे अगदी अखेरचे औषध. त्याचा तोडगा सांगणारी चिठ्ठी २०१५ साली चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत सापडली, आणि आपल्या सरकारने २०१९ साली जनावरांसाठी कॉलिस्टिन बंद केले. शेतकऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझ्या डब्यात आणि त्याच्या फवाऱ्यात फरक एवढाच, की त्याच्यापुढे बाग जळत होती. माझ्यापुढे फक्त चकल्या जास्त झाल्या होत्या.

२०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसे निबर जंतूंमुळेच दगावली, असा अंदाज आहे. आकडा मोठा असला की तो आपल्या घरचा वाटत नाही. मला तो आता वाटतो.

"मग उपाय काय?" मी बाईंना विचारले. त्यांनी मला सांगितले की उपाय अगदीच नाही असे नाही. निबर जिवाणू पोटात कायमचे ठाण मांडतातच असे नाही. हॉलंडमधल्या सुमारे दोन हजार प्रवाशांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. भारताच्या बाजूला येऊन गेलेल्या चार जणांतले तीन आपल्या पोटातून निबर जिवाणू घरी घेऊन गेले होते, आणि अशा प्रवाशांकडून काही घरांत ते इतरांनाही लागले. पण निम्म्या लोकांच्या पोटातून ते महिनाभरात नाहीसे झाले. वर्षानंतर ते उरले होते ते शंभरांतल्या अकरांच्या पोटात. औषधाचा मारा नसला की साधे जिवाणू आपली जागा पुन्हा घेतात. आपण त्यांना तेवढी सवड द्यायला हवी.

आणि दुसरा उपाय तर आमच्याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविका केले. मुलाला जुलाब लागले की या बाया मीठसाखरेचे पाणी पाजायला शिकवीत, आणि पाणी व हात स्वच्छ ठेवायला. बांगलादेशाच्या युद्धात, १९७१ साली, बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्यावर पटकीचे रोगी वाचवले. जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. बहुतेक जुलाब आपोआप थांबतात. पुष्कळदा ते विषाणूंचे असतात आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालतच नाही. जामखेडच्या निरक्षर बाईला जे ठाऊक होते, ते सत्तरऐंशी किलोमीटरांवर राहणाऱ्या एम. ए. झालेल्या मला ठाऊक नव्हते.

म्हणून कृती येथे लिहून ठेवतो. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. थोडे थोडे पीत राहावे. जेवण बंद करू नये. मात्र शौचात रक्त पडले, ताप चढला, गुंगी आली, लघवी बंद झाली, किंवा रोगी तान्हे मूल अथवा म्हातारे माणूस असेल, तर डबा न शोधता डॉक्टरांकडे जावे. त्यांनी प्रतिजैविक लिहून दिले तर ते जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यावे, आणि दिले नाही तर मागू नये. औषधाच्या पट्टीवर तांबडी उभी रेघ असली तर ते औषध चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ. ती रेघ माझ्या डब्यातल्या जवळजवळ प्रत्येक पट्टीवर होती. वीस वर्षे तांबड्या रेघा मारणाऱ्याला तेवढी दिसली नाही.

आई वाचली. इंजेक्शने लागू पडली, चौथ्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली आणि गौरी जेवायच्या आत ती घरी आली. डब्यातल्या गोळ्या मी रुग्णालयात नेऊन औषधांच्या कचऱ्यात दिल्या. रिकामा डबा घेऊन घरी आलो तेव्हा आईने तो स्वच्छ घासला, उन्हात वाळवला आणि आपल्या जुन्या चिठ्ठ्या त्यात ठेवल्या. भाजणीची, अनारशांची, लोणच्याच्या मसाल्याची.

मी म्हटले, "आई, आणखी एक ठेव." आणि मीठसाखरेच्या पाण्याची कृती माझ्या अक्षरात लिहून दिली.

तिने चष्मा लावून ती वाचली. म्हणाली, "एवढंच? मग याच्या नकला काढ चारपाच. वरच्या मजल्यावरची परवाच गोळी मागायला आली होती."

मी नकला काढल्या. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला एक दिली, वरच्या बिऱ्हाडाला एक, आमच्या शिक्षककक्षातल्या शिपायाला एक. ही आणखी एक नक्कल, वाचकहो, तुम्हांसाठी. दिवाळी सुखाची जावो, फराळ जपून करा. आणि ही चिठ्ठी शेजारी कोणी मागितली तर मूळ आपल्यापाशी ठेवून उतरवून द्या.